रायफलींचा नाद आणि अकरावीतला मुलगा

पाचपाखाडीहून एका आईंचे पत्र आले आहे. मुलगा अकरावी सायन्सला आहे. लष्कराच्या जुन्या, गंजलेल्या रायफली साफ करण्याचे परदेशी व्हिडिओ तो तासन्‌तास बघतो. आता म्हणतो, सायन्स सोडून आयटीआय करतो आणि एखादी जुनी थ्री-नॉट-थ्री (.३०३ बोअरची लष्करी रायफल) घेऊन घरीच शिकतो. वडील चिडले आहेत. आईंचा प्रश्न असा: यात करिअर आहे, की हा नाद सोडवायचा?

ताई, नाद सोडवू नका. रायफल घेण्याचा बेत मात्र आजच थांबवा. आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री ही 'प्रोहिबिटेड बोअर' (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास), म्हणजे सामान्य नागरिकाला त्या बोअरचा परवाना मिळत नाही. साध्या बोअरच्या परवान्यालाही वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दुरुस्त करण्याचा वेगळा. 'जुनी आहे, चालत नाही' हा बचाव टिकत नाही, कारण सूट फक्त दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे. गंज काढला की चालेल, अशा रायफलीला ती लागू नाही. हे मुलाला शांतपणे, कायदा समोर ठेवून समजावा.

आता करिअरचे. व्हिडिओत दिसते ते एक काम नाही, दोन आहेत. शस्त्र चालू स्थितीत ठेवणारा तो आर्मरर. शस्त्र आहे तसे पुढची शंभर वर्षे टिकवणारा तो संवर्धक, म्हणजे कॉन्झर्व्हेटर. आर्मररला झिजलेला भाग बदलायचाच असतो. संवर्धकाने तोच भाग बदलला, तर वस्तूचा पुरावाच गेला. रायफलीवरचे शिक्के, साल, बोल्टवरचा (काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा) नंबर यांवरून ती बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याची की इंग्लंडची आणि तिचे भाग मूळचे आहेत का हे कळते. वायर ब्रशच्या चाकाने चकचकीत केलेल्या रायफलीवर हे सगळे पुसट होते आणि परत आणता येत नाही. असल्या चकाकीचेच व्हिडिओ जास्त बघितले जातात, याचे मला वाईट वाटते.

हातकाम किती बारकाव्याचे आहे, ते बघा. ली-एनफिल्ड नंबर १ मार्क ३, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीचाच एक प्रकार, उघडताना पुढचे लाकूड आधी उतरवायचे, मगच दस्ता धरून ठेवणारा लांब स्क्रूसारखा बोल्ट फिरवायचा. त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत बसलेले असते. क्रम चुकला की लाकूड चिरते. दस्त्याच्या टोकाची पट्टी पितळेची असते, तिला अमोनिया असलेले पॉलिश लावायचे नाही. ब्रिटिश काळात आपल्याच देशात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचे कारण निघाले. ही केमिस्ट्री आहे, म्हणून सायन्स सोडणे चुकीचे ठरेल.

मुलाचा कल तपासायला रायफल लागत नाही. घरातला गंजलेला अडकित्ता द्या. आधी सगळ्या बाजूंनी फोटो. मग नायट्राइल हातमोजे घालून मिनरल टर्पेंटाईनने तेलकट थर पुसायचा. सुटा लाल गंज बांबूच्या काडीने आणि नायलॉनच्या ब्रशने काढायचा, चिवट असेल तिथे थेंबभर हलके तेल आणि चार शून्यांची, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल. खाली काळा, घट्ट थर लागला की थांबायचे, कारण तो लोखंडाला सांभाळतो. शेवटी ॲसिटोनने पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. ॲसिटोन गॅसच्या शेगडीपासून लांब आणि खिडकी उघडी ठेवूनच वापरायचे. जवसाचे तेल लाकडाला लावायचा मोह झाला, तर तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मग फेका. प्रत्येक पायरी वहीत तारखेसह लिहायला सांगा.

ठाण्याच्या दमट हवेत पंधरा दिवसांनी नारिंगी ठिपके परत येतील. बहुधा आत क्षार राहिलेले असतात किंवा उघड्या हाताचा घाम लागलेला असतो. कारण शोधून तो पुन्हा बसला, तर कल खरा. कंटाळून सँडपेपर घेतला, तर हा मार्ग त्याचा नाही.

संवर्धनाकडे जायचे तर बारावीनंतर केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करावी आणि मग नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये संवर्धनाचे एमए. लखनौला १९७६ पासून केंद्र सरकारची सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळाही आहे. जागा थोड्या, सुरुवातीचे काम बरेचदा कंत्राटी, हेही आधीच ऐकून ठेवा.

यंत्राचीच ओढ असेल तर फिटर किंवा मशिनिस्ट, दोन्ही दोन वर्षांचे. वागळे इस्टेटचे सरकारी आयटीआय जवळ आहे, अंबरनाथच्या आयुध कारखान्यांत ॲप्रेंटिसशिपच्या जाहिराती निघतात, आणि सैन्यात आर्मररचे काम ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) कोअरकडे असते. हे दार बारावीनंतरही उघडे राहते. वडिलांना एवढे सांगितले तरी घरातला निम्मा ताण उतरेल.

एका सुट्टीत मुलाला घेऊन काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. तिथे शस्त्रांचे दालन आहे आणि संग्रहालयाचे स्वतःचे संवर्धन केंद्रही. जाताना अडकित्त्याची वही बरोबर असू द्या.