उन्हाळ्याच्या सुट्टीत डॉर्ममधील सामान कोठे ठेवावे

तुम्ही विचारले आहे की, ऑगस्टमध्ये पदवीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत आल्यावर पहिले वर्ष कॉलेजच्या डॉर्ममध्ये (वसतिगृहात) काढायचे आणि सुट्टी लागताच भारतात यायचे, असे ठरले असताना मधल्या काळात खोलीतील सामान कोठे ठेवावे, आणि प्रत्येक सेमिस्टरनंतर खोली रिकामी करावी लागते का. यातील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल. फॉल सेमिस्टर डिसेंबरच्या मध्यास संपते आणि स्प्रिंग सेमिस्टर जानेवारीत सुरू होते. त्या दरम्यान काही डॉर्म बंद असले तरी पुढच्या सेमिस्टरला तीच खोली तुमच्याकडे राहणार असेल, तर सामान सहसा जागेवरच ठेवता येते. मे महिन्यात मात्र खोली पूर्ण मोकळी करून किल्ली परत करावी लागते, आणि बऱ्याच ठिकाणी त्यासाठी शेवटच्या परीक्षेनंतर २४ तासच मिळतात. स्टॅनफर्ड किंवा नॉर्थवेस्टर्नसारख्या क्वार्टर पद्धतीच्या (दोन सेमिस्टरऐवजी वर्षाचे लहान सत्रांत भाग करणाऱ्या) विद्यापीठांत हेच सगळे जूनमध्ये होते आणि पुढचे वर्ष सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते, हे लक्षात घेऊनच विमानाचे तिकीट काढावे. शेवटचा पेपर आणि विमान एकाच दिवशी ठेवू नये.

सामानाच्या प्रश्नाचा विचार अमेरिकी विद्यार्थ्यापेक्षा तुम्हाला थोडा वेगळा करावा लागेल. त्याला गरज पडली तर तो जुलैमध्ये गाडी घेऊन येऊ शकतो. तुम्ही येऊ शकत नाही. व्हिसाची मुदत संपली असेल आणि नव्या शिक्क्याला उशीर झाला, किंवा घरी काही अडचण आली, तर ऑगस्टमधील परतीची तारीख पुढे जाऊ शकते. म्हणून सामान अशा बेताने ठेवावे की, तुम्ही वेळेवर आला नाहीत तरी दुसऱ्या कोणाला ते बाहेर काढता येईल आणि भाडेही थकणार नाही. बाकीचे बहुतेक निर्णय यावरून आपोआप ठरतात.

सर्वांत आधी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्येच, डॉर्मचे काम पाहणाऱ्या कार्यालयात आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. काही कॉलेजे परदेशी विद्यार्थ्यांची मोजकी खोकी उन्हाळाभर ठेवून घेतात. जागा थोडी असते आणि लवकर भरते. ती सोय नसेल, तर दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे खोलीच्या दारातून सामान उचलून नेणाऱ्या आणि ऑगस्टमध्ये नव्या खोलीवर आणून देणाऱ्या सेवा. त्या खोक्यामागे पैसे घेतात, वजनाची मर्यादा घालतात आणि परीक्षेच्या आठवड्यातील वेळा आधीच भरून गेलेल्या असतात. गाडी नसलेल्या आणि सात-आठ खोक्यांपेक्षा जास्त सामान नसलेल्या विद्यार्थ्याला मी हाच मार्ग सुचवेन.

दुसरा मार्ग स्वतः स्टोरेज युनिट भाड्याने घेण्याचा. पब्लिक स्टोरेज, एक्स्ट्रा स्पेस, यू-हॉल यांच्या इमारती बहुतेक कॉलेजगावांच्या आसपास असतात. लोखंडी शटर, सिमेंटची जमीन आणि आपण स्वतः लावायचे कुलूप, असे त्या खोलीचे स्वरूप असते. ५ बाय ५ फुटांचे सर्वांत लहान युनिट एका विद्यार्थ्याला पुरते. खोकी एकमेकांवर नीट रचली तर दोघांचेही भागते. भाडे महिन्याच्या हिशोबाने असते. पहिल्या महिन्याची सवलत मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते, पण नोंदणी शुल्क, विमा आणि कुलूप यांचा खर्च त्यात धरलेला नसतो. म्हणून सगळी रक्कम बेरीज करूनच तुलना करावी. सामान नेण्यासाठी यू-हॉल अठरा वर्षांवरील व्यक्तीला ट्रक किंवा व्हॅन देते. मात्र चालवण्याचा वैध परवाना लागतो.

दोघातिघांनी मिळून युनिट घेतले तरी करार एकाच्याच नावावर होतो आणि भाडे थकले तर त्यालाच जबाबदार धरले जाते. थकबाकी वाढल्यास राज्याच्या कायद्यानुसार मालक प्रवेश बंद करू शकतो आणि पुढे सामानाचा लिलावही करू शकतो. बहुतेकजण ऑटोपे लावून निश्चिंत होतात, पण ज्या कार्डावरून पैसे जाणार ते कार्ड परदेशातून वापर दिसल्यामुळे बँकेने रोखले, किंवा प्रीपेड अमेरिकी फोन नंबर रिचार्जअभावी बंद पडला आणि ओटीपीही येईना, असे उन्हाळ्यात सहज घडू शकते. म्हणून निघण्याआधी बँकेला प्रवासाची कल्पना द्यावी आणि नंबर सर्वांत स्वस्त प्लॅनवर का होईना, चालू ठेवावा. युनिटच्या करारात अमेरिकेतच राहणाऱ्या एका विश्वासू मित्राचे नाव अधिकृत व्यक्ती म्हणून घालावे आणि कुलपाची दुसरी किल्ली त्याच्याकडे द्यावी.

काय ठेवावे, याबाबत माझे मत थोडे कठोर आहे. उशा, हँगर, कचऱ्याचा डबा, गादीवरची पातळ फोमची गादी या वस्तू ठेवण्यापेक्षा मे महिन्यात दान कराव्यात. तीन महिन्यांचे भाडे त्यांच्या किमतीहून जास्त होते आणि जागाही त्याच जास्त खातात. लहान फ्रिज विकत घेण्याऐवजी कॉलेजमार्फत वर्षभरासाठी भाड्याने मिळतो का, ते आधी पाहावे. स्वतःचा फ्रिज असेलच, तर तो दोन दिवस आधी बंद करून बर्फ वितळू द्यावा, आतील रबरी कड कोरडी पुसावी आणि दारात घडी घातलेला टॉवेल अडकवून फट ठेवावी. बंद ठेवलेल्या ओलसर फ्रिजमध्ये बुरशी धरते आणि तिचा वास सहज जात नाही. ह्यूस्टन, फ्लोरिडा अशा दमट भागात तापमान-नियंत्रित युनिटच घ्यावे. एखाद्या ओळखीच्या कुटुंबाने तळघरात जागा दिली, तर पुठ्ठ्याऐवजी झाकणाचे प्लास्टिकचे डबे वापरावेत आणि ते थेट जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावेत. खाण्याचे पदार्थ, बंद पाकिटातले असले तरी, आणि ज्वलनशील वस्तू कोठेही ठेवू नयेत.

खोक्यावर नाव व आतील वस्तू वरच्या बाजूला नव्हे, तर दोन्ही कडांवर लिहावे, कारण रचल्यावर वरची बाजू दिसत नाही. पुस्तके लहान खोक्यांत भरावीत. बंद करण्याआधी प्रत्येक खोक्याचे छायाचित्र काढावे. विम्याचा दावा करताना तेच उपयोगी पडते. त्या विम्यात रोख रक्कम, दागिने आणि अनेकदा पुराचे नुकसान धरलेले नसते, हे करारात वाचून घ्यावे.

पासपोर्ट, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेजने दिलेला दाखला), सोशल सिक्युरिटी कार्ड, लसीकरणाची नोंद, मूळ गुणपत्रके, लॅपटॉप आणि पॉवर बँक यांपैकी काहीही खोक्यात जाता कामा नये. आय-२० वर परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाने केलेली प्रवासाची सही साधारणपणे एक वर्ष चालते. ती ऑगस्टमध्ये परतेपर्यंत वैध राहील का, हे एप्रिलमध्येच तपासावे, कारण मे महिन्यात त्या कार्यालयातही गर्दी असते.

परतताना नव्या खोलीचा क्रमांक बऱ्याचदा उशिरा कळतो, त्यामुळे पोहोचवणाऱ्या सेवेला आपण येण्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची तारीख द्यावी. बॉस्टनमध्ये जाणार असाल, तर तेथील बरेच घरभाड्याचे करार १ सप्टेंबरला सुरू होतात आणि त्या सुमारास ट्रक मिळणे अवघड असते. दुसऱ्या वर्षी डॉर्म सोडून घर घेण्याचा विचार असेल, तर ट्रक जूनमध्येच राखून ठेवावा.