सोलर पॅनलला बंद करायचं बटण नसतं
हे आधी डोक्यात पक्कं कर: ऊन पडलं की पॅनल जिवंत, इन्व्हर्टर बंद असला तरी. एका पॅनलचे ४० व्होल्ट किरकोळ वाटतात, पण १० पॅनल सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडले की ४०० होतात, तेही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. घरातल्या विजेसारखा दिशा बदलणारा ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझते. डीसीची पेटतच राहते. त्यामुळे प्रवाह वाहत असताना एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारा प्लग) ओढायचा नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडची लाइन तोडणारा स्विच), आणि क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजणारं मीटर) प्रवाह शून्य दिसल्यावरच हात घाल. (मी एकदा घाई केली होती. कनेक्टर वितळला, बोटं नशिबाने वाचली.) काचेवर पाय नको, वायरीला धरून उचलणं नको. वारा सुटला असेल तर सरळ खाली उतर. हातातलं पॅनल शिडासारखं ओढतं.