अर्धा क्विंटल गेला कुठे?

अरे, तू म्हणतोस तसा प्रोग्राम बिघडलेला नाही. लासलगावच्या ७ क्विंटल कांद्याचे दोन वाटे करायला तू जावा या प्रोग्रामिंग भाषेत ७/२ लिहिलंस. दोन्ही पूर्णांक, म्हणून अपूर्णांक गळून उत्तर ३. अर्धा क्विंटल गायब! उत्तर डबलमध्ये (दशांश संख्या ठेवायच्या प्रकारात) ठेवून काही होत नाही, भागाकार आधीच उरकलेला असतो. मीही यात एक अख्खी रात्र घालवलीय, द्राक्षांच्या क्रेटच्या हिशेबात. ७.० / २ लिही, ३.५ येईल. पायथन ३ या दुसऱ्या भाषेत ७/२ थेट ३.५ देतं. तिथे -७//२ (// म्हणजे उत्तर खालच्या पूर्णांकावर नेणारा भागाकार) मात्र -४ होतं, जावाच्या -७/२ चं -३. आणि रकाने सरळ दिसावेत म्हणून १० च्या आधी शून्य लावू नकोस बाबा; जावा ०१० ला अष्टमान (आठाच्या पायावरची संख्या) समजून ८ धरते.