‘तूच ने हिला’

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि सोबतची नोटिशीची झेरॉक्स मिळाली. नोटीस मी तीनदा वाचली. एकदा घाईनं, एकदा वकील म्हणून आणि एकदा ही नोटीस धाडणाऱ्या तुझ्या दादाच्या, म्हणजे मावशीच्या नवऱ्याच्या पुतण्याच्या जागी बसून. तूही तिसऱ्यांदा तशीच वाच. पहिल्या पानावरच्या ‘मयताचे जंगम मिळकतीपैकी एक पाळीव कुत्री’ या शब्दांनी तुझं डोकं तापलं आणि दुसरं पान तू नीट पाहिलंच नाहीस. तिथं शेवटून तिसऱ्या ओळीत आहे, ‘आमचे अशिलाची अल्पवयीन मुलगी सदर कुत्रीवाचून जेवत नाही.’ असली वाक्यं वकील आपण होऊन घालत नाही. अशिलानं धरून बसावं तेव्हा ती येतात.

तू लिहितेस, मावशी गेल्यावर तेराव्यापर्यंत तिच्या कुत्रीकडे, चंपीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. फ्लॅटची कागदपत्रं शोधली, बांगड्या मोजल्या, आणि ती जिन्यात मावशीच्या चपलांवर तोंड ठेवून पडलेली. कुणीतरी म्हणालं, हायवेपलीकडे सोडून येऊ. मग तू तिला पुण्याला आणलंस. आता चार महिन्यांनी ती त्यांची कशी, हा तुझा प्रश्न. तुला राग आला तो रास्तच आहे. पण कायद्याचं उत्तर तुला आवडणार नाही, तरी तेच आधी सांगते.

आपल्या कायद्यात कुत्रं ही जंगम मिळकत. कपाट, सायकल, भांडीकुंडी यांच्याच यादीत. मावशीनं ते पिल्लू स्टँडसमोर पावसातून उचललं, सात वर्षं पोसलं. तेव्हा चंपी मावशीच्या मालकीची, यात वाद नाही. मावशी विधवा, मूलबाळ नाही, मृत्युपत्र नाही. अशा हिंदू बाईची मिळकत कुणाकडे जाते, ते १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. आधी मुलंबाळं आणि नवरा, त्यानंतर नवऱ्याचे वारस. तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्याही मागे, आणि बहीण म्हणजे तुझी आई त्याहून मागे. अपवाद आहेत, पण ते आईवडिलांकडून वारशानं आलेल्या मिळकतीचे. मावशीच्या नवऱ्याच्या बाजूला आता तो पुतण्या एकटाच उरला आहे. म्हणजे मावशीनं शाळेच्या पगारातून घेतलेला फ्लॅट असो की रस्त्यावरून उचललेली चंपी, वारस तुझा दादा.

हे अन्यायाचं वाटतं ना? २००९ साली ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरनं बाहेर काढलेली, माहेरी शिकून नोकरी करून पैसा साठवलेली बाई. तिच्यामागे तो पैसा गेला सासरच्यांकडे. सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. तो निकाल मी पहिल्यांदा वाचला त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. अजूनही वाटतं, हे कलम बदलायला हवं. पण आज कायदा तो आहे, आणि तुला त्यावर उभं राहून बोलायचं आहे.

आता मावशीच्या वाक्याकडे येते. खुबा मोडून ती दवाखान्यात होती, तुझ्या हातात किल्ली आणि चंपीचं लसीकरणाचं पुस्तक दिलं आणि म्हणाली, ‘आता माझ्याच्यानं हिला फिरवणं होणार नाही. तूच ने हिला.’ तुझं म्हणणं, तिनं चंपी तुला दिली. जंगम वस्तूचं बक्षीस द्यायला कागद लागत नाही, हे खरं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२३ सांगतं की देणाऱ्यानं वस्तू हवाली केली की पुरे. पण देण्याचा इरादा दिसला पाहिजे. ‘तूच ने हिला’ म्हणजे काय? कायमची ने, की मी घरी येईपर्यंत ने, की नुसती फिरायला ने? त्याआधीचं वाक्य फिरवण्याचं आहे, हे समोरचा वकील सोडणार नाही. मावशी ‘घे’ म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. ‘ने’ म्हटल्यावर ती ठेव ठरू शकते, सांभाळायला दिलेली. ठेवीचा कायदा १८७२ च्या करार कायद्यात आहे आणि त्यात एक उदाहरण छापलंय: एकानं दुसऱ्याकडे गाय सांभाळायला ठेवली, ती व्याली, तर परत देताना गायीबरोबर वासरूही द्यायचं. ठेव म्हणजे इतकी पूर्ण परत करायची गोष्ट.

म्हणून सांगते, प्रतिज्ञापत्रात ‘ने’ चं ‘घे’ करू नकोस. तुला मोह होईल. कुणी शहाणा सांगेलही की ऐकायला तिथं तिसरं होतं कोण. पण उलटतपासात तू रडशील, मला माहीत आहे तुझा स्वभाव, आणि मावशीचं शेवटचं वाक्य जन्मभर तुला खोटंच आठवत राहील.

तुझी खरी ताकद दुसऱ्या वाक्यात आहे, जे तू पत्रात रागाच्या भरात जाता जाता लिहून गेलीस. तेराव्याला पंगत उठल्यावर दादा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘ज्याला हवी त्यानं न्यावी.’ आणि तू त्याच्यादेखत तिला गाडीत बसवलंस. कायद्यानं त्या घडीला चंपीचा मालक तो होता. त्यानंच सोडली आणि त्याच्या डोळ्यांदेखत ताबा तुझ्याकडे आला. इथंही शब्द ‘न्यावी’ हाच आहे, पण परत आणायची भाषा कुठंच नाही, आणि ऐकणारे डझनभर. कोर्टात उभं राहायची वेळ आलीच तर मी या वाक्यावर उभी राहीन. त्या दिवशी कोण कोण होतं ते आजच लिहून काढ. उद्या नको, माणसं विसरतात.

पोलिसांत जाण्याची धमकी आहे, तिला घाबरू नकोस. चोरीला लबाडीचा हेतू लागतो. मालकाच्या समोरून, आपला हक्क आहे या प्रामाणिक समजुतीनं नेलेली वस्तू चोरी होत नाही. फक्त एक कर: चंपीला लपवू नकोस. नाशिकच्या मैत्रिणीकडे पाठवायचा विचार तू लिहिला आहेस, तो सोड. लपवलीस की प्रामाणिकपणा सांगायला जागा उरत नाही.

आणि आज ती तुझ्याकडे आहे तोवर तिची जबाबदारी तुझी, मालकी कुणाचीही ठरो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘मालक’ या शब्दाची व्याख्याच अशी आहे की जनावर ज्याच्या ताब्यात आहे तोही मालक, खऱ्या मालकाची संमती असो वा नसो. खायला न घालणं, सोडून देणं हे त्याच कायद्यात गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तो हायवेपलीकडे सोडण्याचा बेत म्हणजे हाच गुन्हा होता.

तू विचारशील, कोर्ट चंपीचं भलं बघणार नाही का? मुलाच्या ताब्याचा वाद असता तर पालकत्वाच्या कायद्यानं मुलाचं हित सगळ्यात वर ठेवलं असतं. जनावरासाठी तसा कायदा आपल्याकडे नाही. जल्लीकट्टूच्या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं जनावराला भूक, वेदना, भीती यांपासून मुक्त राहू द्यावं असं आवर्जून लिहिलं. २०२३ मध्ये वांद्र्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी एका विभक्त बाईची पोटगी ठरवताना तिच्या तीन रॉटवायलरांचा खर्चही धरला. पाळीव प्राणी हा चांगल्या जगण्याचा भाग आहे असं त्यांचं म्हणणं. वारं बदलतंय. पण दावा उभा राहील तो वस्तूच्या ताब्याचा दावा म्हणूनच. त्यातल्या त्यात एक धागा आहे. पैशानं भरपाई होत नाही अशी वस्तू असेल तर ती वस्तूच परत द्यायचा हुकूम कोर्ट करू शकतं. या तरतुदीखाली १८७७ च्या जुन्या स्पेसिफिक रिलीफ कायद्यात उदाहरण दिलेलं होतं घराण्याच्या देवाच्या मूर्तीचं. देव्हाऱ्यातल्या मूर्तीला बाजारभाव नसतो, तसा चंपीलाही नाही. मात्र हा धागा दादाच्याही हाती लागू शकतो, हे ध्यानात ठेव.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

वकिलीच्या नवव्या-दहाव्या वर्षी माझ्याकडे दोन सख्ख्या भावांचा दावा आला होता. वडील गेले, मागे एक जर्मन शेफर्ड. माझा अशील धाकटा. दोघांचंही त्या कुत्र्यावर खरं प्रेम होतं, त्यात खोट नव्हती. निकाल लागेपर्यंत ‘कुणाच्याच घरी नको’ म्हणून दोन्ही बाजूंनी पुरशीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन देऊन आम्ही त्याला एका पाळणाघरात ठेवलं. खर्च निम्मा निम्मा. मला तेव्हा हा तोडगा फार समतोल वाटला होता. तारखा पडत गेल्या. आज साहेब रजेवर, उद्या कैफियत आली नाही. मी एकदाच त्याला बघायला गेले. पिंजरा स्वच्छ होता, पाणी भरलेलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि हाकेला त्यानं फक्त एक कान फिरवला. अकराव्या महिन्यात तो गेला. दावा चालवण्याचं कारण उरलं नाही, अशी पुरशीस मीच माझ्या हातानं लिहिली. बाहेर व्हरांड्यात दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून रडत होते. कुत्रं आज कुणाकडे झोपणार, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. मी कुणाचं आहे एवढंच विचारत राहिले.

तेव्हा मनाई हुकूम, दावा यांच्या मागं लागू नकोस. नोटिशीला पंधरा दिवसांत उत्तर जाईल, ते मी लिहीन. त्यात तुझा हक्क सोडणार नाही, पण शेवटच्या परिच्छेदात बोलणी करायची तयारी लिहीन. त्याआधी तू दादाला फोन कर. वकिलाला नको, दादाला. आणि चंपीचं नाव काढण्याआधी मुलीची चौकशी कर. ती दहा वर्षांची पोर शाळा सुटली की रोज मावशीकडे यायची, हे तूच मला मागं एकदा सांगितलं होतंस. तिचीही आजी गेली आणि त्याच पंधरवड्यात कुत्रीही गेली. तेराव्याला दादा जे बोलला ते तिला विचारून बोलला नव्हता.

जमलं तर पाचशेच्या मुद्रांकावर समजुतीचा लेख करू. चंपी राहील तुझ्याकडे, सुट्टीत पोर येईल किंवा चंपी तिकडे जाईल. औषधपाण्याचा खर्च तुझा. म्हातारपणी ऑपरेशनची वेळ आली तर निर्णय तुझा, पण आधी दादाला कळवायचं. तू नोकरीसाठी परदेशी गेलीस तर पहिला हक्क त्या पोरीचा. हे शेवटचं कलम लिहिताना तुझा हात अडखळेल, तरी लिही. दादा तयार नसेल तर दावा न लावताही विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतीत बसता येतं. बाईमाणसाला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. तिथं तडजोड झाली की तो हुकूमनामाच, वर अपील नाही.

आणखी एक. तू लिहिलंस की मावशीकडचा पोपटही दादानं नेला आणि तोही तुला हवा आहे. तो साधा हिरवा, गळ्याला लाल कंठ असलेला पोपट ना? मग ते नावही काढू नकोस. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, त्यावर तुझाही हक्क नाही आणि दादाचाही नाही. त्याला वनखात्याकडे द्यायला फोनवर हळूच सांग. नोटिशीच्या उत्तरात मी त्याचा उल्लेख करणार नाही.

रविवारी साताऱ्याला ये. लसीकरणाचं पुस्तक, चार महिन्यांची डॉक्टरची बिलं आणि पालिकेचा परवाना काढला असशील तर तोही आण. परवान्यानं मालकी सिद्ध होत नाही, पण सांभाळ दिसतो. चंपीलाही घेऊन ये. खंबाटकीच्या घाटात तिला उलटी होते म्हणालीस, तर सकाळी तिला खायला घालू नकोस. इथं आल्यावर मी भात लावते तिच्यासाठी.

तुझी,
मॅडम