टेझर किंवा स्टन गन खरंच सुरक्षित असते का? बहिणीसाठी ऑनलाइन घ्यावी का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. परदेशात पोलीस वापरतात त्या टेझरने माणूस मरू शकतो का, आणि रात्रपाळी करणाऱ्या बहिणीसाठी ऑनलाइन मिळणारी स्टन गन घ्यावी का. पहिल्याचं उत्तर: हो, क्वचित, पण मरू शकतो. दुसऱ्याचं माझं उत्तर: घेऊ नका.

मुळात या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पोलिसांची टेझर दाबाखालच्या नायट्रोजनच्या जोरावर दोन काटेरी सुया फेकते, त्यांच्या मागे बारीक तारा असतात. एक्स 26 या गाजलेल्या मॉडेलचा घोडा एकदा दाबला की पाच सेकंद, सेकंदाला साधारण 19 या वेगाने झटके बसतात. दोन सुया एकमेकींपासून लांब रुतल्या की मधले सगळे स्नायू एकदम आखडतात आणि माणूस ओंडक्यासारखा कोसळतो. ऑनलाइन मिळणारं यंत्र मात्र समोरच्याच्या अंगाला टेकवावं लागतं. त्याची दोन टोकं इतकी जवळ असतात की शरीर जखडत नाही, नुसतं सणसणून दुखतं. दारू प्यायलेला किंवा डोकं फिरलेला माणूस दुखण्याने थांबेलच असं नाही, आणि टेकवण्यासाठी तुमच्या बहिणीला त्याच्या हाताच्या टप्प्यात जावं लागेल. तिथे तो ते हिसकावून तिच्यावरच वापरू शकतो.

जाहिरातीतल्या लाखो व्होल्टच्या आकड्याला अजिबात भुलू नका. एक्स 26 चे प्रसिद्ध 50 हजार व्होल्ट हवेत ठिणगी उडवण्यापुरते असतात. झटका प्रत्यक्ष शरीराला बसतो तेव्हा हा आकडा साधारण 1,200 पर्यंत उतरतो. इजा किती होणार हे करंट किती, किती वेळ आणि कुठून गेला यावर ठरतं.

म्हणूनच छातीचा प्रश्न येतो. एखादी सुई हृदयाच्या अगदी जवळ रुतली, माणूस सडपातळ असला आणि झटका लांबला, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात असं काही हृदयरोगतज्ज्ञ ठामपणे मांडतात. बाकीचे म्हणतात की निरोगी माणसात ही शक्यता फारच कमी. खुद्द टेझर बनवणाऱ्या कंपनीने 2009 मध्ये पोलिसांना शक्यतो छातीवर नेम धरू नका असं कळवलं. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने 2017 मध्ये अमेरिकेतले 1,005 मृत्यू शोधून काढले, ज्यांत पोलिसांनी टेझर वापरली होती. त्यांपैकी 153 प्रकरणांत शवविच्छेदन किंवा अधिकृत निष्कर्षात टेझरला मृत्यूचं एक कारण धरलं होतं. यांतल्या बऱ्याच लोकांच्या बाबतीत अमली पदार्थ, आधीचा हृदयविकार किंवा पोलिसांनी दाबून धरणं हेही होतं, त्यामुळे सगळं खापर यंत्रावर फोडणं बरोबर नाही. पण सगळं झटकून टाकणंही बरोबर नाही.

मी कॅनडात, व्हँकुव्हरजवळ सरेमध्ये राहतो. इथे टेझरचा विषय निघाला की रॉबर्ट जेकान्स्कीचं नाव निघतंच. ऑक्टोबर 2007 मध्ये हा 40 वर्षांचा पोलिश माणूस आईकडे कायमचं राहायला म्हणून व्हँकुव्हरच्या विमानतळावर उतरला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. आई बाहेर तासन्‌तास थांबली, तिला तो सापडला नाही, शेवटी ती कॅमलूप्स या शहरातल्या आपल्या घरी परतली. तो मात्र आतच अडकलेला होता, जवळजवळ दहा तास. मध्यरात्रीनंतर तो बिथरला, खुर्च्या-टेबलं हलवायला लागला, काही वस्तू आपटल्या. चार पोलीस आले. जेमतेम अर्ध्या मिनिटात पहिली टेझर चालली, आणि एकूण पाच वेळा. तेव्हा त्याच्या हातात स्टेपलर होता. तो तिथेच मरण पावला.

एका प्रवाशाने सगळं कॅमेऱ्यात टिपलं होतं, म्हणून पोलिसांनी आधी सांगितलेली हकीकत टिकली नाही. निवृत्त न्यायाधीश थॉमस ब्रेडवूड यांच्या चौकशीने टेझर वापरायचं कारणच नव्हतं असा निष्कर्ष काढला. पुढे दोघा अधिकाऱ्यांना खोटी साक्ष दिल्याबद्दल शिक्षा झाली. नियम कडक झाल्यावर या प्रांतात टेझरचा वापर झपाट्याने खाली आला.

माझी आई पहिल्यांदा एकटी इकडे आली तेव्हा मी तिच्या पर्समध्ये इंग्रजीत चिठ्ठी ठेवली होती: मला इंग्रजी येत नाही, मुलगा बाहेर थांबला आहे, हा त्याचा नंबर. जेकान्स्कीजवळ अशी एक चिठ्ठी असती, किंवा त्या दहा तासांत कुणी पोलिश दुभाषी शोधला असता, तर टेझर हा विषयच निघाला नसता. माझी मुख्य तक्रार हीच आहे. टेझरने जीव जाणार नाही असं मनात पक्कं बसलं की बोलून, थांबून, समजूत घालून सुटणाऱ्या प्रसंगातही हात लगेच तिच्याकडे जातो.

ऑस्ट्रेलियात कूमा गावी मे 2023 मध्ये हेच दिसलं. क्लेअर नाउलँड, वय 95, वृद्धाश्रमात वॉकर धरून चालणाऱ्या, हातात सुरी. पोलिसाने टेझर चालवली, त्या पडल्या, डोक्याला मार लागला आणि आठवडाभरात गेल्या. त्या अधिकाऱ्याला 2024 मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं गेलं. स्नायू आखडलेला माणूस पडताना हात पुढे करू शकत नाही. कठड्यावर, जिन्यात, पाण्याच्या काठाला हा धोका हृदयाच्या धोक्यापेक्षा मला मोठा वाटतो. पेट्रोल किंवा अल्कोहोल अंगावर असेल तर ठिणगीने आग लागू शकते, तेही लक्षात ठेवा.

दुसरी बाजू खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या बारा पोलीस खात्यांमधल्या 24 हजारांहून जास्त प्रसंगांच्या 2009 मधल्या अभ्यासात टेझर वापरल्यावर संशयितांना होणाऱ्या इजा कमी झालेल्या दिसल्या. चाकू घेऊन धावून येणाऱ्या माणसावर गोळी झाडण्याऐवजी टेझर चालली तर मला ती हवीच आहे. पण गोळी झाडायची वेळ आलीच नव्हती, तिथे ती चालवली की सगळा हिशोब बदलतो.

सामान्य माणसाच्या हातातल्या स्टन गनचंही एक चांगलं उदाहरण आहे. मॅसॅच्युसेट्सच्या जेमी कायतानोने त्रास देणाऱ्या माजी जोडीदाराला स्टन गन नुसती दाखवली आणि तो निघून गेला. ती बाळगल्याबद्दल राज्याने तिलाच दोषी ठरवलं, पण 2016 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. ब्रिटनमध्ये याच्या उलट, ती बाळगणं सामान्य नागरिकाला बेकायदा आहे.

भारतात विक्रेत्याच्या 'लायसन्स लागत नाही' या वाक्यावर जाऊ नका, पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारा. तेवढ्याच पैशात बहिणीच्या कंपनीकडून घरापर्यंत गाडी मिळते का ते आधी बघा, मोठ्या आवाजाचा अलार्म तिच्या बॅगेच्या पट्ट्याला लावा (बॅगेच्या तळाशी नको), आणि फोनवर 112 एका बटणात लागेल अशी सोय करून एकदा तिच्याकडून वापरून घ्या.