ओट्याचा पाया आणि मुदत ठेव

यावल तालुक्यातील एका वाचकांनी कळविले आहे की, घरापुढे १२ फूट लांब आणि १० फूट रुंद ओटा बांधण्यासाठी त्यांनी १,५०,००० रुपये साठविले असून, लेक आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येण्यापूर्वी तो पूर्ण व्हावा अशी त्यांची इच्छा आहे. एका मिस्त्रींनी दोन फूट पाया, स्लॅब, फरशी व ग्रील धरून १,४५,००० रुपये सांगितले. दुसऱ्यांनी काळी माती काढून मुरमापर्यंत पाया नेण्याचे आणि ओल रोखण्याचे काम धरून २,१०,००० रुपये सांगितले. त्यांची मुदत ठेव २,५०,००० रुपयांची आहे. कमी पडणारे ६०,००० रुपये तीतून काढावेत की पहिलेच अंदाजपत्रक स्वीकारावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते आपण दोन्ही करू नये. आपल्या दुसऱ्या अंदाजपत्रकात पाया आणि जोत्याचे ७८,०००, स्लॅब व खांबांचे ७२,००० आणि फरशी, ग्रील व रंगाचे ६०,००० असे तीन भाग आहेत. त्यातला पहिला भाग पूर्ण करावा, छत तूर्त पत्र्याचे करावे आणि फरशीऐवजी कोबा, म्हणजे घोटलेली सिमेंटची जमीन, ठेवावा. पत्रे, लोखंडी खांब आणि कोबा यांचा खर्च ४५,००० रुपयांच्या आत बसला, तर एकूण १,२३,००० रुपये होतात आणि २७,००० रुपये हाताशी राहतात. ही रक्कम मी मुद्दाम राखून ठेवायला सांगतो, कारण मुरूम किती खोलीवर लागेल हे चर खणल्याशिवाय कळत नाही.

पायावरच खर्च करण्याचा आग्रह का, हे आपल्या जमिनीकडे पाहिले की समजते. तापीकाठची काळी कपाशीची माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दोन फुटांवर टेकलेला ओटा या हालचालीबरोबर दरवर्षी वर-खाली होतो, जुने घर मात्र आपल्या वेगळ्या पायावर उभे असते, आणि मग दोहोंच्या सांध्यात फट पडून पावसाचे पाणी थेट घराच्या पायात उतरते. माझ्या वडिलांनी बांधलेल्या ओट्याला दुसऱ्याच पावसाळ्यानंतर अशी बोटभर फट पडली होती, आणि घराच्या भिंतीला लागलेला लोणा, म्हणजे ओलीने वर येणारा खार, काढण्यासाठी पुढे कितीतरी वर्षे गिलावा करावा लागला. फरशी किंवा ग्रील आपण कोणत्याही वर्षी बसवू शकता. पाया मात्र वरचे सगळे तोडूनच दुरुस्त होतो, आणि पहिल्या अंदाजपत्रकात १,४५,००० पैकी १,१७,००० रुपये पायाच्या वरच घातलेले आहेत.

मुदत ठेव मोडल्यास बँका साधारणपणे व्याजदर अर्धा ते एक टक्का कमी करतात. हे नुकसान फार मोठे नाही. मला काळजी आहे ती याची, की आईच्या औषधपाण्यासाठी आपल्याजवळ दुसरी रक्कम नाही. वैयक्तिक कर्जाने ६०,००० रुपये १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २,८८० रुपये बसतो आणि व्याजापोटी ९,१०० रुपयांहून अधिक जातात. फरशीसाठी तेवढे व्याज भरणे मला पटत नाही. पायासाठीच रक्कम कमी पडली, तर ठेव न मोडता तिच्या तारणावर कर्ज घ्यावे, कारण त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच अधिक असतो.

कामाच्या बाबतीत काही गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. खणलेली काळी माती जोत्यात परत भरू नये. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून भरावा. जोत्यावर दीड इंच जाडीचा, सिमेंट, वाळू व खडी १:२:४ प्रमाणातला, जलरोधक मिसळलेला काँक्रीटचा थर आणि त्यावर डांबराचा लेप असावा, तसेच कोब्याखाली जाड प्लॅस्टिकचा कागद असावा. ओट्याची पातळी घराच्या भिंतीतील ओलरोधक थरापेक्षा निदान सहा इंच खाली ठेवावी, नाहीतर ओल त्या थराला वळसा घालून भिंतीत चढते. घर आणि ओटा यांच्यात इंचभर सांधा सोडून तो लवचिक भरणीने बंद करावा, आणि ओट्याचा उतार अंगणाकडे असावा. पुढे स्लॅब घालायचा असल्यास खांबांचा पाया आजच त्या भाराचा धरावा. पत्रे मात्र पक्के कसावेत. केळीच्या बागा आडव्या करणारा वारा आपण दर उन्हाळ्यात पाहतो.

काम दिवाळीनंतर सुरू करावे, म्हणजे काँक्रीटला निदान दहा दिवस नीट पाणी देता येईल आणि आखाजीपूर्वी ओटा वापरण्याजोगा होईल. मिस्त्रींना आगाऊ रक्कम एक चतुर्थांशाहून अधिक देऊ नये, आणि दुसरा हप्ता चरात उतरून तळाशी मुरूम लागल्याचे स्वतः पाहिल्यानंतरच द्यावा.