दिवाळीला वाटायच्या घरगुती चॉकलेटमध्ये काजू-बदामाऐवजी शेंगदाणे घातले तर स्वस्तातलं वाटेल का?

अजिबात वाटणार नाही. शेंगदाणा ताजा भाजलेला हवा आणि चॉकलेट खरं हवं, एवढ्या दोनच अटी. तुम्ही लिहिलंय की बिल्डिंगमध्ये आणि नातेवाइकांत बरेच डबे द्यायचेत, काजू-बदामाचे भाव बघता ते परवडणार नाही, पण शेंगदाणे घातले तर ‘लोक काय म्हणतील’ असं सासूबाईंचं म्हणणं आहे. शिवाय गेल्या वर्षी केलेली चॉकलेटं फ्रीजमधून काढली की हाताला चिकटत होती. चिकटण्याचं सांगतेच, पण आधी ‘लोक काय म्हणतील’बद्दल बोलते, कारण या एका वाक्यापायी मी केलेले डबेच्या डबे फळीवर पडून राहिलेले आहेत.

माझं माहेर कागलकडचं. वडील उन्हाळी भुईमूग घ्यायचे, आता भाऊ घेतो. जानेवारीच्या शेवटी टोकणी, मे-जूनमध्ये काढणी. पूर्वी एसबी ११ हा वाण असायचा, नंतर टॅग २४ आला. हा वाण ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा. पावसाच्या आधी शेंग घरात आली पाहिजे म्हणून काढणीला सगळं घर रानात. वेल उपटून माती झटकायची, शेंगा तोडायच्या, अंगणात वाळत घालायच्या, आणि मूठभर शेंगा कानाशी हलवून आत दाणा खुळखुळतोय का ते ऐकायचं. खुळखुळला की पोत्यात भरायचा. त्यातलं एक पोतं दर पावसाळ्याच्या तोंडाला पुण्याला माझ्याकडे येतं. मी लागतील तेवढ्याच शेंगा फोडते, कारण टरफलातला दाणा महिनोन्महिने टिकतो आणि सोललेला लवकर खवट होतो. शेंगदाण्याला कुणी हलकं म्हटलं की मला लागतं ते यामुळे.

थोरल्या दिरांच्या मुलाचा साखरपुडा होता. मुलीकडच्या पाहुण्यांना निघताना हातात काहीतरी गोड द्यायचं ठरलं आणि मी चॉकलेटं करते म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पहाटे उठून केली. डार्क चॉकलेट, भाजून अर्धे केलेले दाणे, वरून मिठाचे चार कण. कागदी वाट्यांत घालून डब्यांत लावली, डब्यांना रिबिनी बांधल्या. जाऊबाईंनी एक डबा उघडून चव बघितली, छान झालंय म्हणाल्या, आणि मग विचारलं, “पण यात सगळे दाणेच आहेत का?” मी हो म्हटलं. “अगं, व्याह्यांना दाणे द्यायचे? चणे-फुटाणे वाटायला आपण काय जत्रेला आलोय?” संध्याकाळी दीर एका मोठ्या दुकानातून बदामाच्या चॉकलेटचे सोनेरी खोके घेऊन आले. माझे डबे गेले स्वयंपाकघरातल्या फळीवर.

त्या सोनेरी खोक्यातलं एक मी खाऊन बघितलं. आत अख्खा बदाम, सालासकट, न भाजलेला, दाताखाली वातड. वरचं चॉकलेट तोंडात विरघळेचना, टाळूला मेणासारखा थर बसला. पाहुण्यांनी खोकी बघून ‘वा, बदामाची’ असं म्हटलं, हे खरं. जाऊबाईंच्या लेखी वाद तिथेच मिटला. खोकं बघून वा म्हणणारी माणसं घरी जाऊन खाताना काय म्हणाली, हे मात्र कुणी विचारायला गेलं नाही.

मग मी मुद्दाम याबद्दल वाचलं. इटलीत तुरीन नावाचं शहर आहे. नेपोलियनने ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी केली त्या काळात तिकडे कोको महाग झाला, मिळेनासा झाला. तेव्हा तिथल्या चॉकलेट करणाऱ्यांनी आसपासच्या टेकड्यांवर पिकणारं हेझलनट भाजून, वाटून चॉकलेटात मिसळायला सुरुवात केली, असं सांगतात. तेच जांदूया. १८६५ साली तिथल्या कार्निव्हलमध्ये काफारेल कंपनीने त्याच्या छोट्या वड्या लोकांपुढे आणल्या, आणि आज लोक तुरीनला गेले की भेट म्हणून त्याच वड्या घेऊन येतात. अमेरिकेत तर थेट शेंगदाणाच. रीसचे पीनट बटर कप १९२८ चे, स्निकर्स १९३० चं, आणि दोन्ही अजून जगभर खपतात. आपल्या रानात जे पिकतं ते घातल्याने त्या लोकांचं चॉकलेट हलकं झालं नाही. मग कागलच्या दाण्यानेच काय घोडं मारलंय? भुईमूग पिकवण्यात चीनच्या खालोखाल आपला देश, आणि आपल्यालाच त्याची लाज.

तर आता भाजणं. चॉकलेटपेक्षा यावर जास्त लक्ष द्या. आधी दाणे निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे सरळ फेकून द्या, कुटातसुद्धा घालू नका. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. मग जाड बुडाची लोखंडी कढई, मंद आच, आणि अर्धा किलो दाण्यांना वीस-पंचवीस मिनिटं. उलथनं थांबवायचं नाही. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटतं, पण तेव्हा दाण्यातलं पाणी निघत असतं. बहुतेक जण इथेच कंटाळून गॅस मोठा करतात आणि सगळं घालवतात. सालावर काळे डाग पडतात, खमंग वासही सुटतो, पण दाणा आतून पांढराच राहतो आणि चॉकलेटात गेल्यावर कच्चट लागतो. मंद आचेवर तडतड सुरू झाली की एक दाणा काढा, गार होऊ द्या, चिमटीत दाबून त्याचे दोन भाग करा. आतली बाजू फिकट तांबूस दिसली की कढई उतरवा. दाणे कढईत ठेवू नका, लोखंड तापलेलं असतं, भाजणं चालूच राहतं. लगेच परातीत पसरा. गरम दाणा मऊ लागतो म्हणून घाबरून परत कढईत टाकू नका, गार झाला की कुरकुरीत होतो.

पूर्ण गार झाल्यावर स्वच्छ पंचात घालून चोळा आणि सुपात पाखडा. साल जातं, टोकाचा कोंबही बराचसा उडून जातो. तो कडवट असतो, गेलेला बरा. मिक्सरला लावू नका, कूट पडतं आणि तेल सुटतं. पोळपाटावर पसरून लाटणं एकदा हलक्या हाताने फिरवलं की दाणे अर्धे होतात. आणि पुन्हा सांगते, दाणा गार म्हणजे अगदी गार हवा. कोमट दाणासुद्धा चॉकलेटचं जमवून आणलेलं तापमान बिघडवतो.

आता चॉकलेट. पाकीट उलटं करून घटक वाचा. त्यात कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, असेल तर घ्या. त्याऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल किंवा पाम कर्नल तेल असेल तर ते खरं चॉकलेट नव्हे, त्याला कंपाउंड म्हणतात. बहुतेक क्लासमध्ये कंपाउंडच शिकवतात, कारण वितळवून साच्यात ओतलं की झालं. पण कोको बटर चौतीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे अंगाच्या उष्णतेपेक्षा जरा कमीच, आणि म्हणून ते जिभेवर विरघळतं. ते सुख कंपाउंडमध्ये नाही. खरं चॉकलेट बरंच महाग पडतं, कबूल. पण तुम्ही काजू-बदामाचे पैसे वाचवताय ना? ते इथे घाला. हलक्या चॉकलेटात महाग बदाम घालण्यापेक्षा चांगल्या चॉकलेटात उत्तम दाणा घालणं केव्हाही सरस, आणि हे मी कुणाहीसमोर म्हणायला तयार आहे.

खरं चॉकलेट टेंपर करावं लागतं, म्हणजे वितळवून, ढवळत ठरावीक तापमानाला आणावं लागतं. अर्धा किलो डार्क असेल तर दोन तृतीयांश चिरून गरम पाण्यावरच्या भांड्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत वितळवा. भांड्याचं बूड पाण्याला टेकू नये. वर झाकण ठेवू नका, झाकणावरची वाफ थेंब होऊन आत पडते, आणि थोडंसं पाणी गेलं तरी चॉकलेटचा दाणेदार गोळा होतो. भांडं उतरवून उरलेलं चिरलेलं चॉकलेट घाला आणि तापमान एकतीस-बत्तीसवर येईपर्यंत ढवळत राहा. मिल्क चॉकलेट असेल तर एकोणतीस-तीस. साधा डिजिटल थर्मामीटर घ्याच, अंदाजाने जमत नाही. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. पाच मिनिटांत चकचकीत घट्ट झालं तर जमलं, ओलसर आणि पट्टेपट्टे दिसलं तर अजून ढवळा. मग साडेतीनशे ग्रॅम दाणे घालून पटापट चमच्याने बटर पेपरवर छोटे ढीग घाला, वर मीठ भुरभुरा.

ऑक्टोबरच्या उकाड्यात भरदुपारी खोलीचंच तापमान बत्तीस असतं, तेव्हा चॉकलेट खाली यायचंच नाही. म्हणून पहाटे करा. ढीग घातले की दहा-पंधरा मिनिटं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायला हरकत नाही. कागद सोलताना चॉकलेट आपोआप सुटून आलं आणि खालची बाजू आरशासारखी निघाली, तर समजा उत्तम जमलं.

चिकटण्याचं असं आहे: थंड चॉकलेट दमट हवेत आलं की त्यावर हवेतलं पाणी धरतं, त्यात वरची साखर विरघळते आणि बोटांना चिकटते. पुढे ते वाळलं की पांढरे खरखरीत डाग पडतात. म्हणून फ्रीजमध्ये ठेवताना घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर तासभर डबा उघडू नका. डबा बाहेरून घामेजेल, आतलं कोरडं राहील. गेल्या वर्षी तुम्ही कोणतं चॉकलेट वापरलं ते लिहिलं नाहीत. कोको बटरचं असेल आणि टेंपर केलं नसेल, तर ते नुसतं हात लागूनही पाघळतं, मग फ्रीजला दोष देऊन उपयोग नाही.

कंपाउंड म्हणजे विष, असं मी म्हणत नाही. खाद्यतेलं आणि चरबीत ट्रान्स फॅट या हृदयाला घातक चरबीवर आपल्याकडे २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, आणि पोराटोरांच्या वाढदिवसाला साच्यातली रंगीत चॉकलेटं करायची तर कंपाउंडच सोयीचं. बदाम-काजूशीही माझं वैर नाही. वेंगुर्ल्याकडचा काजू मंद आचेवर भाजून घातला तर फारच छान लागतो. भाजायचे कष्ट न घेता नुसत्या नावावर मिरवणं मला पटत नाही, एवढंच. चकली तळायच्या दिवशी मात्र चॉकलेट करू नका, ते शेजारचा वास ओढून घेतं. पुढेमागे विकायचा विचार असेल तर आधी एफएसएसएआयकडे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, नोंदणी करा.

सासूबाईंना समजावत बसू नका, सूप त्यांच्या हातात द्या. दाणे भाजणं आणि पाखडणं तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत असेल, आणि स्वतः निवडून भाजलेल्या दाण्याला माणूस हलकं म्हणत नाही.

आणि डब्यावर चिठ्ठी लावाच. शेंगदाण्याची ॲलर्जी काही जणांना जिवावर बेतण्याइतकी असते, तेव्हा नुसतं ‘नट्स’ असं मोघम लिहून चालत नाही. मी मोठ्या अक्षरांत लिहिते: डार्क चॉकलेट, कागलचे शेंगदाणे, मीठ. जाऊबाईंकडे जाणाऱ्या डब्यावरही हेच लिहिलेलं असतं.